बाबांचं ‘चालेल’ आणि दोन गाद्यांचा चढ

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप हे मनापासून लिहिते आहे. तीर्थाला आपणच जावं लागतं, ते काही आपल्या घरी येत नाही.) तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला? तुझ्या कॉलेजातली पोरं गणिताला अजून घाबरतात ना? घाबरू देत. तुझं गणित घरात शिरलं की काय होतं, ते मला परवा कळलं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून त्यांना एकच शब्द येतो, हे मी तुला कळवलंच होतं. चालेल. चहा थंड झाला, चालेल. रेडिओ लावू का, चालेल. बंद करू का, तेही चालेल. ज्या माणसाने उभा जन्म शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा चुका काढून छापखान्यात परत पाठवली, त्याला काहीही चालावं याची मला भीतीच वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. ठणठणीत माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो का, हे त्यांना विचारायचं राहिलं.

त्यावर तू दोन पानी उपाय पाठवलास. बाबांची खुशी म्हणजे म्हणे अनेक चलांचं फलन, म्हणजे ती पुष्कळ गोष्टींवर अवलंबून. तर एका वेळी एकच गोष्ट थोडीशी बदलायची, बाकी सगळं घर जसंच्या तसं ठेवायचं आणि चढ लागतो की उतार ते बघायचं. याचं नाव आंशिक अवकलन. दादा, तू कधी घर जसंच्या तसं ठेवून पाहिलं आहेस? आमच्या ह्यांचं ठीक आहे, सोफ्यावर बसले की ते जन्मजात स्थिर. पण लेकीचं काय? मी गादी बदलून बाबांचा चेहरा वाचायला वाकते, तेवढ्यात ही दार आपटते. मग दिसला तो परिणाम गादीचा की दाराचा?

तरी चिकाटीने केलं. जुन्या गादीवर नवी गादी टाकली, बाबा ‘हं’ म्हणाले. (‘चालेल’पेक्षा ‘हं’ वरचं, असं मी धरलं.) ती काढून खाट खिडकीशी सरकवली, त्यांनी बाहेर पाहिलं. खाट परत नेऊन हीटर लावला, त्यांनी स्वेटर काढून घडी केली. तिन्हीकडे चढच! मग तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीप्रमाणे मी सगळ्या चढांच्या दिशेने एकदम पाऊल टाकलं.

दोन गाद्या, खिडकी आणि हीटर पूर्ण वर. गाद्यांनी बाबांना खिडकीच्या कट्ट्याच्या वर उचललं, हीटरने आधी स्वेटर आणि मग शर्ट उतरवला, आणि समोरच्या माडीवरच्या शिवणक्लासला आपले बाबा बनियनवर, दुकानातल्या पुतळ्यासारखे काचेत मांडलेले दिसले. सगळी मशीनं थांबली. बाबांनी कूस बदलून डोळे उघडले, तर समोर बायकाच बायका.

दादा, बाबा ओरडले! कोणत्या गाढवाची ही अक्कल, म्हणाले. मी लगेच तुझं नाव सांगून पत्र पुढे केलं. (मोठा भाऊ असतो कशाला?) तेवढ्यात शिवणबाई धावत आल्या, म्हातारा खिडकीत अडकला की काय ते बघायला. बाबांनी पत्र वाचून संपवलं आणि त्यांच्याकडे कापडावर खुणा करायचा खडूच मागितला. बाईंनी तो दिला आणि म्हणाल्या, “काका, आधी शर्ट घाला.”

चुकीची बटणं लावून बाबांनी माझ्या कपाटाच्या दारावर डोंगर काढला. चढ असतो तो पायाखालचा, म्हणाले, पुढच्या इवल्याशा पावलापुरता. पाऊल म्हणजे ढांग नव्हे. आणि खाट हलली की गादीचा चढही बदलतो, हे त्या शहाण्याने लिहिलंय कुठे? शिवणबाई मान डोलवत राहिल्या, लेक दार न आपटता दारात उभी राहिली. मधेच मी म्हटलं, बाबा, चहा निवला, चालेल ना?

“मुळीच चालणार नाही!”

मी आत जाऊन नवा चहा टाकला. इतका गोड नकार फार दिवसांत ऐकला नव्हता.

तुझी धाकटी

ता. क. तुझं पत्र लाल शाईने तपासून झालं. दहापैकी चार. अक्षराचा एक मार्क कापलाय.

आणखी ता. क. खरं काम हे. आज सकाळी ते पुन्हा भिंतीकडे वळले. तेव्हा लगेच दुसरं पत्र पाठव आणि त्यात सढळ हाताने चुका कर. पण सहज झाल्यासारख्या वाटू देत, नाहीतर त्यांना कळेल.

शेवटचा ता. क., वडिलांच्या हातचा. पाकीट चिकटवण्यापूर्वी हे पत्र तपासलं. हिला वाटतं मला काही कळत नाही. तू मुद्दाम चुकण्याचे कष्ट घेऊ नकोस, तुझ्या सहज होणाऱ्या चुका पुरेशा आहेत. तपासलेला पेपर मी टपालाने परत करत नाही. येऊन घेऊन जा.