वर न गेलेला हात

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्ही शिकवलेली बाराखडी मी अर्धीअधिक विसरले. तरी आज लिहायला बसले, कारण डोकं तापलंय आणि घरात ऐकणारं कोणी नाही.

नात नववीत आहे, शेवगावच्या शाळेत. तिचे आईबाप चाकणला कंपनीत, पोर माझ्याजवळ. दिवाळीपासून बोलायची बंद झालीये. भाकरी कुस्करते आणि ताटावरून उठते. काल शाळेतून निरोप आला, आजीला घेऊन ये. गेले. हेडमास्तर म्हणतात, "आजी, तुमच्या नातीनं शाळेचे गुण घालवले."

झालं होतं असं, की शाळा पोरांच्या मनाची काळजी किती घेते हे मोजायला वरून माणसं आली होती. त्यांच्यासाठी खेळाच्या सामानाची खोली झाडली, दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी ठोकली, आत दोन खुर्च्या आणि प्लास्टिकची फुलं. वर्गात विचारलं, मनातलं सांगायला शाळेत कोणी आहे असं वाटतं त्यांनी हात वर करा. मास्तर शेजारीच उभे. सगळ्यांचे हात वर, हिचा खाली.

"मग तिला कुणी इचारलं का, पोरी, तुला काय होतंय?"

"आजी, ते त्यांचं काम नाही."

"आन् तुमचं?"

"हे बघा, सोमवारी ते परत येणार आहेत. तिला जरा समजवा. नुसता हात तर वर करायचाय."

"मास्तर, दूध मोजायचं तर आधी धार काढावी लागती. तुमी नुसती चरवी वाजवताय."

तुम्ही काही देवी नव्हता, बाई. छडी लई जोरात मारायचात. पण आई गेली तेव्हा मी तिसरीत, तुम्ही विचारता, "काय झालं गं?" मी म्हणते, काही नाही. "खोटं बोलायला शाळेत येतेस होय?" इतका राग आला होता तुमचा! शाळा सुटल्यावर मनगट धरून तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत, पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा ओतल्यात. तुम्ही फोडताय, मी फोडतेय. तुम्ही एक शब्द विचारत नाही. टोपली निम्मी झाली आणि मीच बोलायला लागले.

येताना एसटीत नात एवढंच बोलली, "आजे, करू का सोमवारी हात वर?"

"करून तर बघ, मोडून ठेवीन."

हसली की काय, कळलं नाही, तोंडावर ओढणी होती.

आत्ता ती समोर बसलीये. मधे टोपली ठेवलीये मी. टरफलांचा ढीग वाढतोय, टोपली निम्मी व्हायला आलीये. हा कागद कुठं जायचाय, सकाळी चुलीत घालीन. मास्तराला तोंड भरून बोलले खरी. पण बाई, दिवाळीपासून मीसुद्धा तिला एकदाही विचारलेलं नाही. ती खरंच सांगेल, याचं भ्या वाटतं मला.