पडद्याआडून ऐकलेलं

दिग्रस
१६ फेब्रुवारी २००६

चि. पायल हिले रुपालीचा सप्रेम जय भीम.

तू राजूरले माहेरी गेली त्याले साडेतीन महिने झाले. इकडं सारे बरे आहेत. कापसाचा भाव पडला, गाड्याच येत नाहीत, म्हणून जिनिंग दिवसाआड चालून राह्यलं. तुझे भासरे, आमचे हे, अर्धे दिवस घरीच असतात. लेकरं तुझं नाव काढतात. तुझ्या बाबांची खाणीतली पाळी बदलली का?

मले हे लिहायचं नव्हतं. हे लिहू लिहू म्हणून तीनदा कागद फाडला.

दसऱ्यानंतर सरकारी दवाखान्यात बायांच्या तपासणीचा कॅम्प होता, आठवते ना. आपण दोघी सोबत गेलतो. भाऊजी तुझ्यासाठी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यातून सुटी काढून आले आणि तुझी पर्स खांद्याले लावून दारात उभे राह्यले. लोक हासत होते, त्यांले काही नाही. पायल, माझी दोन बाळंतपणं झाली. तुझे भासरे दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी आले. त्या पर्सकडं पाहून माझ्या अंगाची आग झाली. तू बारावी शिकलेली, सासूबाई तुले पेपर वाचाले लावतात, ते मी सोसलं होतं. ती पर्स नाही सोसली.

आत आपल्या मधात एक हिरवा पडदा होता. मी पलीकडं नंबर लावून बसलती. डॉक्टरीणबाई तुले म्हणाल्या, "गर्भपिशवीचं तोंड जरा मागं आहे, दिसत नाही. कंबरेखाली मुठी ठेव." मग म्हणाल्या, "हं, दिसलं. सगळं नीट आहे. काळजीचं काही नाही."

मी दोन्ही ऐकलं. घरी येऊन सासूबाईले पहिलं तेवढं सांगितलं, दुसरं गिळलं.

तुले वाटत असेल, की नर्सबाईनं सांगितलं. मी तसं वाटू देलं. त्यानंतर लेकरू व्हावं म्हणून त्या वैदूच्या पुड्या झाल्या, त्यानं तुझ्या उलट्या झाल्या, लग्नाले दोन वर्षं होऊन पाळणा नाही म्हणून बोलणी झाली, आणि तू बॅग भरली. तू गेली त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हेही लिहून टाकावं म्हटलं.

या सोमवारी कंबर दुखते म्हणून मी त्याच बाईकडं गेली. टेबलावर घेतलं, आणि त्या मले म्हणाल्या, "मुठी कंबरेखाली ठेव."

मी विचारलं, "बाई, माझंबी मागं आहे का? मले तर दोन लेकरं आहेत."

त्या म्हणाल्या, "मग काय झालं? कोणाचं पुढं असतं, कोणाचं मागं, कोणाचं वर. पाळीच्या दिवसांप्रमाणं खालीवरही होतं. हा काही आजार नाही. मूल न होण्याचं कारणही हे नाही."

मी तुझं नाव न घेता पुसलं, की दोन वर्षं झाली तरी एकीले लेकरू नाही. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही, आणि नवऱ्याचीही तपासणी लागते. एकट्या बाईले धरून बसू नका.

घरी आली तर सासूबाई आणि मामाजी पुढच्या मंगळवारचं बोलत बसलते. तुझ्या बाबांकडं फारकतीचा निरोप पाठवायचा होता. भाऊजी खाली मान घालून होते. मी चप्पलही काढली नाही, उभ्या उभ्या सारं सांगितलं. पडदा, मुठी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, आणि मी काय गिळलं ते.

मामाजी उठून अंगणात गेले. भाऊजीनं विचारलं, "वहिनी, तुमाले पायल खुपत होती?"

मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मंगळवारचं मोडलं. सासूबाईनं पुड्या चुलीत टाकल्या, पण तुले चिठ्ठी लिहायले त्यांले लाज वाटते.

रविवारी भाऊजी राजूरले येतील. यवतमाळात खोली पाह्यली आहे. तिथं त्यांच्यासोबत राह्य. दिग्रसले यायचं बंधन नाही, मी असताना तर नाहीच. तपासणीले गेली तर त्यांलेही सोबत ने. आत जाशील तेव्हा जे विचारायचं ते बाईलेच विचार, घरी येऊन कोणाले नको.

आज सकाळी भाऊजी शर्टाले इस्त्री करत होते, रविवार अजून तीन दिवस लांब असून. ते पाहून मले पुन्हा खुपलं. मले वाटलं होतं, सांगून टाकलं की हे जाईल. गेलं नाही. पण या वेळी मी गप राह्यली, आणि आत येऊन हे पत्र लिहाले बसली.

माफी मागायची हिंमत नाही. आईबाबांले जय भीम सांग.

ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

रुपाली