चादरीचं दुसरं टोक

३ मार्च, सोमवार
जाऊबाईंना काढलं! अकरा वर्षं लॉन्ड्रीत आम्ही दोघी हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालतोय — एक टोक त्यांचं, एक माझं. आज त्यांच्या जागी परदेशातून आलेली एक बाई उभी. नवखी! मी तिला नावही विचारलं नाही. घरी आले तर जाऊबाई गुमान भाजी निवडत बसलेल्या. त्यांना परत कामावर आणल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

५ मार्च
घडी घालताना एकीने 'हं' म्हणायचं आणि दोघींनी एकदम पुढे यायचं — ही आमची रीत. आज मी मुद्दाम 'हं' म्हटलंच नाही. चादर ओल्या फरशीवर! असं सहा वेळा. वाटलं, आता हिला हाकलतील. मुकादम नुसता हसला. "तुझ्या जावेच्या पाऊण पगारात आलीय ही. सहा चादरी मळल्या तर बिघडलं कुठं?"
मी दिवसभर धुमसत होते. पण कुणावर, तेच कळेना.

६ मार्च
हिला घालवली तर उद्या दुसरी पाऊणवाली आणतील. पण हिलाही पूर्ण पगार द्यावा लागला तर? मग जाऊबाईंना घरी बसवून मालकाला काय मिळणार? माझं डोकं कधी नव्हे ते चाललं! अर्ज करायचा — सगळ्यांना सारखा पगार, आणि जाऊबाई परत कामावर.
जाऊबाईंना सांगितलं तर भडकल्या. "अगं, माझ्या पोटावर पाय आला, आणि तू तिचा पगार वाढवायला निघालीस?"

९ मार्च
जाऊबाईंचा अबोला चालू. कप आपटून ठेवतात.

१० मार्च
बारा सह्या झाल्या. इस्त्रीवालीने हात झटकले — "मला नको बाई ही भानगड." नवखीकडे सगळ्यात शेवटी गेले, लाज वाटत होती म्हणून. तिने ओळींवरून बोट फिरवत अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "मालक मला काढेल," ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "काढेलही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? तिने पेन उचललं. "आमच्याकडे गिरणी बंद पडली तेव्हा कुणीच काही लिहिलं नाही," म्हणाली आणि सही केली.
दुपारी मी पहिल्यांदा तिला 'हं' म्हटलं.

१३ मार्च
अर्ज मालकाच्या टेबलावर ठेवला. "बघू," म्हणाला. घरी जाऊबाईंना सगळं सांगितलं — नवखीची सही, आणि त्या सहा चादरीही. "शोभतं का तुला हे?" कडाडल्या. चला, अबोला तरी सुटला!

१४ मार्च
नवखीला काढलं. मी घरी पोचते तोच मुकादमाचा जाऊबाईंना फोन — "उद्यापासून या. पगार मात्र तिचाच, पाऊण." जाऊबाई म्हणाल्या, "नाही येत." फोन ठेवला, पायात चप्पल सरकवली. "ती राहते कुठे, माहीत आहे ना तुला? चल."