अकरा नंबरच्या तारेतला उजेड

४ मार्च
कोटाबारूला पोचलो. बोटीवर गाणी लावली होती, वारा छान होता आणि कंपनीने दिलेली खोली चक्क समुद्राकडे उघडते. जेवायला भाजलेला मासा नि झणझणीत सांबाल चटणी. सुराबायाच्या त्या कोंदट ऑफिसातून सुटलो एकदाचा. काम किरकोळ आहे. पामतेलाच्या या बंदरावरची कॅमेऱ्यांची व्यवस्था ताळ्यावर आणायची. माझ्यासारख्याला म्हणजे सुट्टीच.

घ्यायला मॅनेजर सुहार्योनोसाहेब, म्हणजे आमच्या भाषेत पाक सुहार्योनो, आले होते. गोल, घामट आणि अतिनम्र गृहस्थ. त्यांना वाटतं कॅमेऱ्याचं चित्र हवेतून येतं. मी समजावलं, कॅमेऱ्याजवळची डबी चित्राचा उजेड करते, तो केसाएवढ्या काचेच्या तारेतून मैलोन्‌मैल धावतो आणि आपल्याकडची डबी त्याचं पुन्हा चित्र करते. ते म्हणाले, अरे वा, जादूच की ही. मी बॅग उचलली. म्हशीला बासरी ऐकवून काय मिळणार.

६ मार्च
माझ्या आधीचा माणूस गवंडी असावा. काचेच्या तारा त्याने सुतळीने करकचून बांधल्यात, कोपऱ्यांवर अशा मुडपल्यात की निम्मा उजेड तिथेच सांडावा. तारांची टोकं शर्टाच्या बाहीने पुसायचा म्हणे. दिवसभर निस्तरत बसलो.

पडद्यांच्या खोलीत नुर्लिना नावाची बाई बसते, सगळे तिला आदराने बू नुर्लिना म्हणतात. बंदरभर नजर ठेवणं हे तिचं काम. प्रत्यक्षात तिची नजर अकरा नंबरच्या पडद्यावरून हलत नाही. डबाही त्याच्यासमोर बसून खाते, खाताखाता पुटपुटते. भात आज जरा चिकट झालाय, असं ती पडद्याला सांगत होती. अशा लोकांच्या भरवशावर तेल निर्यात होतं.

अकरा नंबरवर जुना धक्का दिसतो. त्यावर सात हमाल ओळीने उभे, कॅमेऱ्याकडे बघत. कामचुकारपणाला हद्द असते.

७ मार्च
हमालांची तक्रार केली. सुहार्योनोंचा चेहरा पडला. म्हणाले, त्या धक्क्यावर कोणी जात नाही पाक दानांग, तिकडे लक्ष देऊ नका, बाकीचे कॅमेरे बघा. मी म्हटलं, मग ती माणसं कोण? ते म्हणाले, चहा घेणार का?

८ मार्च
स्वतः जाऊन आलो. जुना धक्का मधूनच मोडलाय. जिथे ती माणसं उभी दिसतात तिथे फळ्याच नाहीत, खाली नुसतं पाणी. कॅमेरा खांबावर आहे, पण डबीला वीज नाही. वायर उंदरांनी केव्हाच खाल्लेली, टोकं हिरवी पडलीत. म्हणजे डबी मेलेली. मेलेल्या डबीतून उजेड निघत नाही.

परत येऊन तारेच्या टोकाला मापक लावला. उजेड येतोय. इतर कुठल्याही तारेपेक्षा स्वच्छ.

उलगडा सोपा आहे. आधीच्या त्या गवंड्याने मध्येच कुठेतरी तार जोडून जुनं चित्रण फिरवत ठेवलंय, वरिष्ठांना कॅमेरा चालू दिसावा म्हणून. या गाढवांना ते कळलं नाही, इतकंच.

९ मार्च
अकरा नंबर तोडणार असं जाहीर केलं. बू नुर्लिना पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बसली. तिची कहाणी अशी: धक्का कोसळला तेव्हा सात जण बुडाले. डावीकडून तिसरा तिचा नवरा, सहरिल. कंपनीने थोडा शोध घेतला आणि हात झटकले. मग एक दिवस ती सातही माणसं पडद्यावर दिसायला लागली. तिचं म्हणणं, आपल्याला कोणीतरी बघतंय एवढ्यावरच ती तिथे थांबलीत. शोधलं नाहीत, निदान बघा तरी, असं म्हणाली. तार तोडलीत तर बघणारे कुठे गेले ते त्यांना कळणार नाही. शोधायला निघतील.

मी विचारलं, बाई, तुझं शिक्षण किती? ती म्हणाली, तुमच्याइतकं नाही, पण नवऱ्याला ओळखण्याइतकं आहे.

१० मार्च
धक्क्याजवळच्या खांबावरची पेटी उघडून तार कापली. कात्रीचा एक घाव. मनाला बरं वाटलं.

परतलो तर पडदा काळा आणि बू नुर्लिना नाही. स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन घरी गेली म्हणे. रडली वगैरे नाही. पहारेकऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. कृपाच म्हणायची.

१२ मार्च
नऊ नंबरवर, धक्क्याकडून येणाऱ्या रस्त्यावर, भर दुपारी सात माणसं चालताना दिसली. कपडे ओले, अंगाला चिकटलेले. पावसाचा थेंब नाही. धावत गेलो. रस्ता मोकळा, डांबर तापलेलं.

चित्रं एकमेकांत मिसळली असणार. गबाळ्या जोडणीत होतं असं.

१३ मार्च
एकेक जोडणी तपासली. कुठेही खोट नाही. असणारही नाही, मी केलीय.

आता ती वजनकाट्यापाशी आहेत. प्रत्येक कॅमेऱ्याखाली थांबतात. मान वर करून भिंगात बघतात. मग पुढच्या कॅमेऱ्याकडे.

सुहार्योनोंना दाखवलं. पडद्यापर्यंत आलेच नाहीत. दारातूनच म्हणाले, मी रजेवर चाललोय, माझी बायको आजारी आहे. यांचं लग्नच झालेलं नाही. भित्रा ढोल.

१४ मार्च
आता ती फाटकापाशी. पहारेकरी कोणी नाही. पळाले, अडाणी लेकाचे.
मी पळणार नाही. बोट आज नाहीच, तो भाग वेगळा.

सगळे पडदे बंद केले. खोली शांत. मग काळ्या पडद्यांवर — बंद पडद्यांवर — मागचं दार दिसत होतं, प्रतिबिंबात. दारात कोणी नव्हतं. उंबऱ्यावर पाणी होतं.

१५ मार्च
जिन्यात पाणी. खारं. चाखून पाहिलं, मूर्खासारखं.

तार जोडायची. दुसरा उपाय नाही. पण नुसती जोडून काय उपयोग, बघायला कोणीतरी हवं — म्हणून बू नुर्लिनाकडे गेलो. मी, दानांग, त्या बाईच्या पायरीवर उभा राहून हात जोडत होतो. ती मासे निवडत होती. म्हणाली, आता बघायचंय का तुम्हाला त्यांना? मी हो म्हटलं. तिने हात धुतले आणि खुर्ची उचलली.

दुपार — खांबापाशी
वही पिशवीतच होती. तार जोडली. जोडावरची नळी यंत्रात तापतेय तेवढ्यात लिहितो. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं. पाठ खांबाला. धक्क्याकडे बघत नाही.

झालं. फोनवर बू नुर्लिना आहे, पडद्यांच्या खोलीतून. चित्र आलं म्हणते.

ओळ उभी आहे म्हणते. सुटलो —

मोजायला सांगितलं. सात, म्हणाली. मग कोणाशी तरी बोलली, माझ्याशी नाही. बस ना, असं. किती वाळलास. भात गरम आहे —

त्या खोलीत दुसरं कोणी नाही. तिला एकटीलाच सोडून आलो मी —

विचारलं, सहरिल दिसतो का चित्रात. नाही म्हणाली. अगदी मायेने. त्याच्या जागी तुम्ही उभे आहात पाक दानांग. डावीकडून तिसरे. मी बघेन हो रोज, म्हणाली —

मूर्ख बाई. मी उभा नाही. मी बसलोय, खांबाला टेकून —

पाठीला खांब लागत नाहीये

पाय ओले आणि खाली फळी नाही, खाली