वाळूतल्या तीन बाटल्या

२७ फेब्रुवारी १८९५, राखेचा बुधवार

पाद्रीने कपाळाला राख लावली, मी घरी येतो तो ओट्यावर पेटी! आजच यायची होती? काल आली असती तर एक घोट तरी घेतला असता. आता चाळीस दिवसांचा उपास, पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या सणापर्यंत दारूला तोंड लावायचं नाही. शपथ घेतलीय, तीही देवळात.

पेटी डंकन साहेबांची. कल्याणच्या बंगल्यावर मी त्यांचा बटलर होतो. आता ते विलायतेत आपल्या गावी असतात. तिथे त्यांच्या भावाची भट्टी आहे. माझ्या नातीचं, क्लाराचं लग्न ठरल्याचं कळवलं होतं, म्हणून तीन बाटल्या पाठवल्या. नुसत्या जवाची दारू, एकाच भट्टीची, मिसळ नाही. प्रत्येकीवर साहेबांच्या हातचा कागद चिकटवलेला — १०, १८, ३०. तितकी वर्षं लाकडी पिंपात मुरलेली.

तीस वर्षं! तेव्हा माझी बायको रीटा हयात होती.

तिसाची बाटली व्याह्यांना. हे ठरलं. आमच्या गावची रीत अशी — नवरीने उंबरा ओलांडायच्या आधी तिच्या घरच्या म्हाताऱ्याने पेला भरायचा, नवऱ्याच्या बापाने तो प्यायचा, मग मुलगी त्यांची. क्लाराला आईबाप नाहीत. म्हातारा म्हणजे मीच. आणि व्याही म्हणजे कल्याणचे कॉस्मास, खोड काढण्यात पटाईत! थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनी एक घोट घेऊन उरलेली अंगणात ओतली. ती सून अजून त्याबद्दल ऐकून घेते म्हणतात. आणि मी साखरपुड्याला सगळ्यांसमोर बोलून बसलोय की साहेबाकडची जुनी स्कॉच पाजतो. कशाला बोललो!

क्लारा म्हणाली, "चांगली ती त्यांना. मग तू काय पिणार, आजा?"

म्हटलं, मला पेज पुरे.

बाटल्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरल्या. उन्हाळा तोंडावर आलाय. तापून फुटल्या तर?

२८ फेब्रुवारी

वाळू दोनदा चाचपली. आहेत.

६ मार्च

घात झाला. आज बाटल्या काढल्या, तर एकीवरही कागद नाही! वाळूत नुसता लगदा. रोज वाळूवर पाणी शिंपड, हे क्लाराला मीच सांगितलं होतं. कोणाला बोलू?

साहेबांच्या बाटल्या सगळ्या एकाच घाटाच्या. त्यांच्या रिकाम्या अजून माझ्या घरात आहेत, एकीत खोबरेल, एकीत सिरका. आता या तिघींत तिसाची कुठली? दहाची ओतली आणि व्याह्यांनी तोंड वाकडं केलं, तर क्लारा जन्मभर ऐकणार.

चाखून कळलं असतं. पण शपथ!

७ मार्च

माझ्या जुन्या दोस्ताला, महिपतला बोलावलं. मिठागरावर जन्म गेला त्याचा. हिंदू माणूस, आमचा उपास त्याला लागू नाही. जीभ त्याची, नाक माझं, असं ठरलं.

साहेब कसे प्यायचे ते त्याला शिकवलं. आधी पेला तळहाताने उबवायचा. मग नाक घालायचं. मग चमचाभर पाणी. मग थांबायचं.

महिपत म्हणाला, "प्यायची आहे की पाळण्यात घालायची आहे?"

पहिली गडद, काढ्यासारखी. माझ्या नाकाला मनुका लागल्या, आणि सागाची जुनी पेटी. महिपत म्हणतो, गूळ करपलाय, पण चांगला करपलाय.

दुसरी मधाच्या रंगाची. तिला धूर. महिपतने डोळे मिटले — नव्या होडीला डांबर फासलंय आणि शेजारी कोणी सुके बोंबील भाजतंय. ही मला दे, म्हणाला.

तिसरी अगदी फिकट. वास गोडसर, फुलांचा, रानातला. महिपतने पेला तळापर्यंत चाटला. मग म्हणाला, "ही काही बोलत नाही रे. बापाशेजारी बसल्यासारखं वाटतं."

हे काय उत्तर झालं!

समोरची रंगूबाई ओट्यावर बसून आम्हाला हसत होती. हसणारच. मोहाच्या दारूला सरकारबंदी होण्याआधी तिच्या बापाची भट्टी नावाजलेली. क्लाराही पदर तोंडाला लावून हसली. पोरीला आपल्या लग्नाची काळजीच नाही.

१० मार्च

मी म्हणतो तिसाची म्हणजे गडद. मुरेल तितका रंग चढेल, लोणच्याचं बघा. महिपत म्हणतो फिकट. मुरेल तितकी शांत होईल, माझ्याकडे बघ.

त्याच्याकडे बघून माझी खात्री होत नाही.

१९ मार्च

महिपत न बोलावता आला. म्हणे, दुसरीबद्दल थोडी शंका आहे. तिन्ही पुन्हा दिल्या. शंका फिटली नाही.

२३ मार्च

शंका अजून आहे, म्हणतो. बाटल्या आता क्लाराच्या पेटाऱ्यात, कुलपात.

७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

व्याही कल्याणहून देवळात आले होते. पायरीवर गाठ पडली. माझा दंड धरून म्हणाले, "काय व्याही, साहेबाची ती तयार आहे ना? मी साखरपुड्यापासून घसा कोरडा ठेवलाय."

लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन पेटाऱ्याचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

१५ एप्रिल

पास्क झालं. शपथ सुटली. कुलूप उघडून तिन्ही मांडल्या, तेवढ्यात महिपत हजर. ह्याला वास येतो की काय?

गडद — छान. श्रीमंत माणसाच्या घरी जेवल्यासारखं. धुराची — खोकला आला, पण पुन्हा घ्यावीशी वाटली. मग फिकट घेतली. जिभेवर ठेवली आणि काय झालं ते लिहू कसं — एकदम रीटाच्या माहेरचं अंगण दिसलं. आमच्या लग्नाचा मांडव. सासरा पेला पुढे करतोय, आणि रीटा खाली बघून हसतेय. किती वर्षांत एवढी नीट दिसली नव्हती.

दारूत एवढी याद यायला तिला तेवढं वय हवं. दहाची असलं काही करू शकणार नाही. फिकट तीच तिसाची! महिपतचं बरोबर होतं. त्याला तसं सांगितलं नाही.

२१ एप्रिल

गडद असली तर?

२२ एप्रिल

लग्न लागलं. उंबऱ्याशी सगळे जमले. मी फिकट ओतली. महिपतने मागून माझं कोपर धरून ठेवलं होतं.

व्याह्यांनी वास घेतला. घोट घेतला. थांबले. अंगणाकडे बघितलं — माझा जीव गेला! मग पेला रिकामा करून पुन्हा पुढे धरला.

"ही खरी जुनी," म्हणाले. "व्याही, असली मी लहानपणी प्यालोय. कुठे ते काही केल्या आठवत नाही."

बढाई तर बघा. कल्याणात ह्यांना लहानपणी स्कॉच कोण पाजत होतं? पण डोळे ओले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, पोर आता आमची, हिला कोणी काही बोलायचं नाही. थोरल्या सुनेकडेही बघितलं.

क्लारा जाताना रडली. मी नाही. कानाशी येऊन म्हणाली, "आता भात तुलाच शिजवायचाय, आजा. तांदूळ काढताना कणगीत खोल हात घाल."

मला वाटलं, वरचा तांदूळ किडलाय.

२४ एप्रिल

आज भात लावायला कणगीत खोल हात घातला. काच लागली. बाटली! बूच शाबूत. कागद कोरडा. साहेबांच्या हातचा ३०.

रंगूबाईला हाक मारली. हसता हसता तिला बोलता येईना. फिकट ती तिच्या बापाने पुरून ठेवलेली मोहाची, रंगाला चहाचे चार थेंब. क्लारानेच मागून नेली, साहेबांच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि पहिल्याच दिवशी वाळूत बदलून ठेवली. म्हणे, "तीस वर्षांची माझा आजा पिईल."

महिपतला उद्या सांगेन. आज एकटाच. आणि चमचाभर पाणी.