तुरटीत बुडवलेले डोळे

मंगळ. ८ जुलै, नांदेड
आज जालीमचा थेंब टाकला आणि काहीच झालं नाही. जालीम म्हणजे चाचणीचे डोळे कामाचे आहेत का ते बघायचं आमचं ठरलेलं द्रावण, डोळा हमखास पांढरा करणारं. बकऱ्याचा डोळा होता तसाच. पुन्हा टाकला. तेच.
लातूरच्या कारखान्याचा बाळांचा शाम्पू असल्याच डोळ्यांवर ‘सौम्य’ ठरलाय. अहवाल सरांच्या टेबलावर तयार, फक्त माझी सही बाकी. सशांच्या डोळ्यांत काही टाकावं लागू नये म्हणून तीन वर्षं खाटकाकडच्या डोळ्यांमागे लागलेय मी. जेवण गेलं नाही.

बुध. ९
सरांना सांगितलं. “जालीम जुनं झालं असेल. नवं बनवा.” बनवलं. डोळा ढिम्म.
याआधी जालीम लावलं ते जानेवारीत. मग सर म्हणाले, डोळे मोजकेच मिळतात, दरवेळी त्यात कशाला वाया घालवता. तेव्हा पटलंही होतं.

शुक्र. ११
सकाळी रिक्षा करून स्वतः रहीमभाई खाटकाच्या दुकानात गेले. एरवी डोळ्यांचा डबा प्रयोगशाळेत पोचता होतो. माझ्यासमोर बकऱ्याचे डोळे काढले आणि थेट एका बादलीत टाकले. पाणी जरा पांढुरकं.
“हे काय?”
“तुरटी हाय, मॅडम. तुमच्यासाठी साफ करून ठेवून राहिलो. वास येत न्हाई, लिबलिबीत बी होत न्हाईत.”
तुरटी. दाढीचं रक्त थांबवणारी. बुबुळावरचा पडदा तिने आवळून टाकला असणार, मग वरून काहीही ओता.
“कधीपासून?”
“गर्मी लागली तवापासून असंल. का त्याच्या आदी... याद न्हाई.”
किती कौतुकाने सांगत होते. वर चहा पाजला. रागवायचं तरी कुणावर.

शनि. १२
जानेवारी ते जुलै. यातले कुठले डोळे तुरटीचे, कुठले नाहीत, कळायला मार्ग नाही. म्हणजे सगळंच फेकायचं. दिवसभर नुसती बसून. काही करावंसं वाटत नाही, आईचा फोनही घेतला नाही.

रवि. १३, लातूर
एकटीला खोली खायला उठली, सकाळच्या एसटीने ताईकडे आले. न्हाणीत पाय धुवायला गेले तर कोनाड्यात त्याच शाम्पूची बाटली. वर चिठ्ठी, अक्षर माझंच. एप्रिलमध्ये मीच दिली होती, चाचणीतून उरलेली, ताईच्या छकुलीला न्हाऊ घालायला. पार विसरले होते.
“ताई, हे वापरू नको.”
“का गं? तूच तर दिलीस. डोळ्याला लागत न्हाई म्हणलीस.”
“चाचणी चुकली माझी.”
“लई रडायची सुरुवातीला. मग झाली सवय.”
ताई सहज म्हणाली, भाकरी थापता थापता. मी छकुलीला दारात उजेडाला नेऊन डोळे बघितले. मला काय कळणार त्यातलं, मेलेले डोळे बघणारी मी. ती माझ्या चष्म्याला झोंबत होती, हसत होती. मला रडू आवरेना. ताईला वाटलं, नोकरीचं काही बिनसलं.

मंगळ. १५, नांदेड
बिनतुरटीचे चार डोळे आणले. जालीमने एक लगेच पांढरा झाला, म्हणजे माझी पद्धत खोटी नाही. बरं वाटलं, पाचच मिनिटं. शाम्पूने एक धूसर, एक स्वच्छ. चौथा हातातून निसटून फरशीवर. एवढ्यावर काहीच म्हणता येत नाही. आणखी हवेत. श्रावण तोंडावर आलाय, रहीमभाई म्हणतात आता बकरे कमी कापणार.

गुरु. १७
सरांना सगळं सांगितलं. तुरटी, छकुली, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी.
“म्हणजे तीन महिने बाळाने वापरलाय? आणि डोळे ठीक आहेत?”
“दिसतात तरी ठीक. पण सर, ती रडायची.”
“बाळं रडतातच. याहून चांगली चाचणी कुठली हवी तुम्हाला?”
माझ्यासमोरच कारखान्याच्या मालकांना फोन लावला. आमच्या मॅडमच्या घरच्या बाळानेच वापरलाय, असं हसून सांगत होते. रडण्याचं दुसऱ्यांदा सांगायला गेले तर हातानेच थांब म्हणाले.
सशाला वाचवायला निघाले आणि स्वतःच्या भाचीच्या डोळ्यांत घातलं. स्वतःची किळस येतेय.

शनि. १९
सही केलेली नाही. त्याने काही अडेल असं नाही, सर दुसऱ्या कुणाची घेतील. आज दोनदा विचारलं, मी मान खाली घालून काचेची भांडी धूत राहिले.
संध्याकाळी ताईचा फोन. “तू नको म्हणलीस म्हणून आज साध्या साबणाने न्हाऊ घातलं. रडलीच न्हाई बघ.”
हे सरांना सांगावं का? एक बाळ एक दिवस रडलं नाही. सर म्हणतील, हा काय पुरावा झाला. खरंच झाला नाही.
सोमवारी कारखान्याचा माणूस येतोय, अहवाल न्यायला.