आई इथे फळांचा चहा पिते

पंचवटी, नाशिक
१२ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप दादास,

संध्याचा नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांग, सार्थकला आशीर्वाद. दिवाळीनंतर इकडे थंडी चांगलीच पडली आहे. वणीला तर डोंगराचा वारा, तिकडे जास्तच असेल.

परवा तुमच्या वणीचे सहादूभाऊ टोमॅटो घेऊन मार्केटला आले होते. घरी येऊन त्यांनी तुझा निरोप दिला, ‘आईला मुकाट्याने परत पाठवून दे.’ उत्तर मी त्यांच्याजवळच सांगणार होते, पण ते बिचारे खाली मान घालून बसले होते. म्हणून लिहिते आहे.

आई बरी आहे. चिकुनगुनियाने आखडलेले गुडघे सकाळी त्रास देतात, पण उन्हं वर आली की भिंत धरून ओट्यापर्यंत जाते. दुपारी माझ्या शिलाई मशिनीजवळ बसून ब्लाउजांचे धागे तोडते आणि शेजारणींना माझ्या लहानपणच्या खोड्या सांगते. तुझ्याही सांगते.

ती काय खाते-पिते ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सकाळ-संध्याकाळ फळांचा चहा पिते. पिकलेला पेरू आणि सफरचंद सालीसकट चिरायचं, मूठभर काळ्या मनुका, आल्याचा तुकडा आणि दोन पाती गवती चहा. पाणी घालून झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर शिजू द्यायचं. पेरू विरघळला की पळीने घोटून गाळायचं. खाली उतरवल्यावर डाळिंबाचा रस आणि लिंबू. लिंबू उकळायचं नाही, कडू होतं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, “ह्याला चहा म्हणत्यात का गं? दूध कुठंय ह्याच्यात?” आता उशीर झाला तर स्वतःच विचारते, “आज चूल रुसली का?”

याने रोग जातो असं मी कुणाला सांगत नाही. औषध औषधाच्या जागी. पण जिला भाकरीचा घास जात नव्हता तिच्या पोटात दोन वेळा काहीतरी गरम आणि गोड जातं, आणि तासाभराने ती आपणहून जेवायला मागते. मला तेवढं पुरे.

हा चहा मी कुठे शिकले, तेही तू कधी विचारलं नाहीस. हे गेल्यानंतर सासरच्यांनी मला बाहेर काढलं, त्या वर्षी माझं तोंड इतकं आलं होतं की केळंसुद्धा चावता येत नव्हतं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, फळं पोटात गेली पाहिजेत. चावता येईना, म्हणून मी शिजवून प्यायला लागले. तेव्हा तू सगळ्यांना सांगितलंस, संध्याला टीबी झालाय. मी गप्प बसले. तुझी अब्रू जपायची म्हणून बसले.

आता भाऊबीजेचं. सहादूभाऊ म्हणाले, वणीत तू सांगतोस की मी म्हातारीचे कान फुंकून तिला पळवून नेलं. दादा, तू तिथेच उभा होतास.

त्या दिवशी तू पाटावर बसलास. मी ओवाळलं. टिळा लावायला बोट पुढे केलं, तर तू मान मागे घेतलीस आणि म्हणालास, “राहू दे, लांबूनच झालं.” मी तेही गिळलं. आत जाऊन बघते तर आई आठ-पंधरा दिवसांची उपाशी असावी तशी. डोळे खोल गेलेले. माझ्या पिशवीत फळं होती. वहिनींना विचारून त्यांच्याच पातेल्यात चहा केला. आई पेलाभर प्याली, आणखी मागितला.

मी पेला धुवायला मागे गेले, तर वहिनी ते पातेलं चिमट्यात धरून उकिरड्याकडे निघालेल्या. “घरात तरणा मुलगा आहे,” म्हणाल्या, “उद्या कोण पोरगी देईल?” तू दारात होतास. मी तुझ्याकडे पाहिलं. तू अंगणाकडे पाहिलंस.

बोलली ती आई. काठी टेकत दारापर्यंत आली आणि म्हणाली, “पातेलं टाकलं, आता मला बी टाका. मी तिच्याच हातचं प्यालेय.”

“आई, तुला काही कळत नाही,” तू म्हणालास.

“मंग कळवा ना! कुणी सांगतंय का मला?”

तू सांगितलं नाहीस. मग तिने लुगड्याची घडी काखेत मारली आणि म्हणाली, “चल गं संध्या, यष्टी जाईल.” मी दोनदा नको म्हणाले. खोटं वाटत असेल तर वहिनींना विचार.

दिंडोरीच्या पुढे गाडीत मी तिला सगळं सांगितलं. तिच्याजवळ जे नाव घेतलं ते तुझ्याजवळही लिहिते, कारण आपल्या घरात आजवर त्याला ‘ती भानगड’ असंच म्हणतात. मला एचआयव्ही आहे. ह्यांच्याकडून आला. ट्रकवर होते, कुठून आणला ते त्यांनाच ठाऊक. तो पातेल्यातून, पेल्यातून, टिळ्यातून कुणाला होत नाही. मी रोज गोळ्या घेते, मशीन चालवते, भाडं भरते.

आई म्हसरूळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, आता ही उतरून परत जाते. मग माझा हात मांडीवर घेऊन म्हणाली, “चार वर्सं एकटीनं काढलीस व्हय गं?” एवढंच. आम्ही दोघी पंचवटीपर्यंत रडलो. कंडक्टर बघत होता, बघू दे.

तर दादा, मी तिला पाठवणार नाही. ती वस्तू नाही, तिला यायचं असेल तर स्वतः येईल. मी विचारलं, तर म्हणाली, “वाल्मीकला म्हणावं, न्यायला तू ये. पण आधी बहिणीच्या हातचं पी.” तुला यायचं असेल तर दार उघडं आहे. यायचं नसेल तर पुन्हा सहादूभाऊंना त्रास देऊ नकोस.

आणखी एक. कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. येत्या एक डिसेंबरला इथे एड्स दिनाचा कार्यक्रम आहे. आमच्यातल्या बायकांनी बोलायचं आहे. पडद्यामागून बोललं तरी चालेल, नाव बदललं तरी चालेल, असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या. मी ‘नाही’ म्हटलं. मी समोर उभी राहून बोलणार, माहेरच्या नावानिशी. सार्थकची सोयरीक मोडेल म्हणून तू रागावशील. पण जे घर माझ्या नावाने मोडतं, त्या घरात पोरगी सुखी राहील का, याचाही विचार कर.

आई पुढच्या रांगेत बसणार आहे. तिच्यासाठी इरकली लुगडं काढून ठेवलंय. काल रात्री जेवताना मला विचारत होती, “माझं नाव बी सांगशील ना?”

सांगणार आहे.

गोजराबाईंची लेक आणि तुझी सख्खी बहीण,
संध्या